पितळ काळे पडेना, तांबे थांबेना

प्रश्न : कपाटाच्या पितळी मुठींना काळपट जुनी झाक आणायची म्हणून तयार काळे द्रावण ब्रशने लावले. काही ठिकाणी काजळीसारखे डाग पडले, काही ठिकाणी पितळ तसेच पिवळे राहिले. जे काळे झाले तेही बोटाला लागते. द्रावण जुने असेल का?

उत्तर : दोष बहुधा द्रावणाचा नाही. इथे दोन वेगळ्या चुका एकत्र दिसताहेत.

पिवळे राहिलेले भाग म्हणजे लॅकर. कारखान्यातून येणाऱ्या मुठींवर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण द्रावण धातूपर्यंत पोहोचू देत नाही. कापसावर अॅसिटोन घेऊन पुसा. तेवढ्याने निघाला नाही तर पेंट रिमूव्हर लावा. मग नायलॉनच्या घासणीने किंवा 400 नंबरच्या पाणकागदाने एकाच दिशेने घासा आणि भांडी धुण्याच्या द्रवसाबणाने धुवा. आता मूठ नळाखाली धरून तिरपी करा. पाणी सलग पापुद्र्यासारखे पसरले तर धातू स्वच्छ आहे. अळूच्या पानावर होतात तसे थेंब वेगळे झाले, तर तिथे अजून तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुठीला उघडा हात लावू नका, नाहीतर बोटाचा ठसा काळ्या रंगात कायमचा छापला जाईल.

बोटाला लागणारी काजळी ही दुसरी चूक : द्रावण फार कडक होते. अशा तयार द्रावणांत बहुधा सेलेनियमचे आम्लयुक्त संयुग असते आणि पितळेवर तांब्याच्या सेलेनाइडचा काळा थर बसतो. थर भराभर वाढला की तो भुसभुशीत होतो, धातूला धरून राहत नाही. बाटलीवर वेगळी सूचना नसेल तर एक भाग द्रावणाला पाच ते दहा भाग पाणी घ्या. ब्रश नको, मूठ पूर्ण बुडवा. अर्ध्या मिनिटाने काढा, धुवा, ओली असतानाच घासणी हलकेच फिरवा आणि पुन्हा बुडवा. दोन-तीन फेऱ्यांत रंग बसतो. घाई करणाऱ्याला ही पद्धत कंटाळवाणी वाटेल, पण एका दमात आणलेला काळा रंग पुसताना निघतोच. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात मूठ बुडवा, धुवा, गरम हवेने वाळवा.

सेलेनियम विषारी आहे. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नका. नाव लिहिलेल्या बाटलीत भरून घातक कचऱ्यात द्या.

आणि हो, आधी मुठीला आणि स्क्रूंना लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर आत लोखंड आहे, वर पितळेचा नुसता मुलामा. जस्ताच्या ओतीव मुठीवर मुलामा असेल तर चुंबकही चिकटणार नाही. मागच्या बाजूला बारीक ओरखडा काढा, आत करडे दिसले तर तेच. मुलामा घासला की उडतो.

प्रश्न : लिव्हर ऑफ सल्फरने (पोटॅशियम आणि गंधकाच्या संयुगांचे मिश्रण) तांबे क्षणात काळे होते, पितळ मात्र जेमतेम तपकिरी. प्रमाण वाढवू का?

उत्तर : वाढवू नका. गंधक तांब्याशी जुळते, पितळेत मात्र जस्त मध्ये येते. जस्ताचा सल्फाइड पांढरट असतो. प्रमाण वाढवल्याने पितळेचा काही फायदा नाही, उलट तांब्यावर जाड थर बसून तो पापुद्र्यांनी सुटतो. तांबे आणि कांस्यासाठी लिटरभर पाण्यात साधारण 5 ग्रॅम पुरतात. पाणी 50 अंशांच्या आसपास ठेवा. उकळले तर द्रावण लवकर मरते. पाच-दहा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात धुवा. आधी सोनेरी, मग गुलाबी-तांबूस, मग तपकिरी आणि शेवटी करडा-काळा अशा क्रमाने रंग येतो. हव्या रंगाच्या एक पायरी अलीकडेच थांबा, कारण मेण लावल्यावर रंग आणखी गडद दिसतो. कांस्य हळू रंगते. ते आधी गरम पाण्यात बुडवून तापवून घ्या.

पितळेवर हाच रंग हवा असेल तर एक जुनी युक्ती आहे. सायट्रिक अॅसिडच्या ज्या द्रावणात तांब्याचे तुकडे बरेचदा साफ केलेले आहेत, त्यात पितळ बुडवा आणि लोखंडी तारेने त्याला स्पर्श करा. विरघळलेले तांबे पितळेवर पातळ थराने बसते. वस्तू गुलाबी झाली की भरपूर धुऊन, सोड्याच्या पाण्यातून काढून मगच गंधकाच्या द्रावणात घाला. अॅसिडचा थेंबही तिथे जाता कामा नये, कारण त्याने हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, म्हणून वासावर विसंबू नका.

प्रश्न : अमोनियाच्या वाफेवर पितळ तपकिरी करता येते का?

उत्तर : येते, आणि रंग सुरेख येतो. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात वाटीभर अमोनिया ठेवा, वस्तू वर जाळीवर टांगा. अमोनियाला ती टेकू देऊ नका. काही तासांपासून दिवसभर लागतो. एकसारखेपणाची हमी नाही. पण ठोकून, ओढून किंवा वाकवून बनवलेल्या पातळ पितळी वस्तूंना ही वाफ देऊ नका. आतला ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ तडकते. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे भारतातल्या पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली तडकत, ती जनावरांच्या मुतातल्या अमोनियामुळे.

प्रश्न : डागाचा (सोल्डरचा) जोड पांढराच राहतो.

उत्तर : राहणारच. डाग कथिलाचा असतो आणि ही द्रावणे तांब्यावर चालतात. जोडावर कॉपर सल्फेटचे द्रावण लावून लोखंडी तारेने घासा, तांब्याचा पातळ थर बसला की मग रंगवा. जोड उघडा असेल तर हे नक्की करा, कोपऱ्यात असेल तर सोडून द्या.

प्रश्न : काम झाल्यावर मेण लावावे की लॅकर?

उत्तर : हात लागणाऱ्या मुठींना लॅकर टिकत नाही, तडा गेला की त्याखाली हिरवट जंगाल धरते. मुठी किंचित गरम करून मधमाशांचे मेण पातळ लावा आणि गार झाल्यावर कापडाने पुसा. काही महिन्यांनी पुन्हा लावा. उंचवटे घासून उजळायचे असतील तर मेणाआधी, कांस्याच्या किंवा नायलॉनच्या घासणीने. पोलादी लोकरीचे तुकडे अडकून गंजतात.

खाण्यापिण्याच्या भांड्यांना यातले काहीही लावू नका.