वेळ गेला की वेळ गेली?

चि.,
अनेक आशीर्वाद.

'वेळ' या शब्दावरचं तुझं टिपण वाचलं. कोश उघडण्याआधी एक काम कर. वहीत रोजच्या बोलण्यातली वीस वाक्यं लिही आणि प्रत्येकात 'वेळ'चं लिंग बघ. 'रांगेत फार वेळ गेला' इथे तो पुल्लिंगी, म्हणजे कालावधी. 'गोळी घ्यायची वेळ गेली' इथे ती स्त्रीलिंगी, म्हणजे नेमलेला क्षण. सामान्यरूपही बदलतं: 'थोड्या वेळाने ये', पण 'वेळेवर ये'. तू दोन्ही एकाच अर्थाखाली कोंबलंस, म्हणून पुढचं सगळं घसरलं. संस्कृत 'वेला' म्हणजे मर्यादा, समुद्राचा काठ, भरतीसुद्धा. नेमलेल्या वेळेशी या अर्थाचं नातं लगेच दिसतं.

मोठी चूक 'काल'ची. आदल्या दिवसाचा 'काल' आणि 'काळ' तू एकाच मुळातून काढलेस. दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत 'ळ' होतो: फल-फळ, वेला-वेळ, काल-काळ. 'ल' टिकला असेल तर मागे बहुधा जोडाक्षर असतं. तैल, प्राकृतात तेल्ल, म्हणून आपलं तेल. तसंच कल्य, म्हणजे पहाट, प्राकृतात कल्ल, मराठीत काल. (हिंदीतला 'कल' मागे-पुढे दोन्हीकडे का चालतो, तेही पहाट धरली की उलगडतं.) 'कालावधी', 'कालांतर' या शब्दांना मात्र हा नियम लावू नकोस, ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत.

'घटका' तू दोन ओळींत उरकलीस, ती वाढव. घटिका म्हणजे छोटं भांडं. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या ६०. भोकात कचरा अडकला की घटका लांबायची. 'त्याची घटका भरली' म्हणताना भरते ती ही वाटी. 'दुपार'ही अशीच उकल: सूर्योदयापासून तीन-तीन तासांचे दोन प्रहर.

अर्थांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती बघ, मुळांसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश. कोशातलं मूळ उतरवलंस तरी 'ल'चा नियम लावून ते तपास.

सुरुवातीला ही म्हण घे: 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' यातला काळ म्हणजे मृत्यू. दोन्ही शब्दांची अदलाबदल करून बघ, म्हण लगेच मोडते.

पुढचा खर्डा पाठवताना वीस वाक्यांची वहीही जोड.

शुभाशीर्वाद.