मुलांच्या कलाने चालणारी शाळा आणि पालकांची काळजी

प्रश्न : माझी मुलगी गावाजवळच्या एका छोट्या खासगी शाळेत तिसरीत शिकते. शाळेत मुले थोडी आहेत, दोन-दोन इयत्ता एकत्र बसतात, गृहपाठ नाही, परीक्षेतले क्रमांक नाहीत आणि दर आठवड्याला मुलांना खाडीवर किंवा शेतात नेले जाते. मुलगी आनंदाने जाते, पण तिचे आजोबा विचारतात, ‘ही शाळा की खेळघर?’ पुढे तालुक्याच्या हायस्कुलात ती मागे पडेल का?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : आजोबांच्या प्रश्नाचा राग धरू नये, कारण तो विचारण्याजोगाच प्रश्न आहे. मुलांच्या कलाने शिकवण्याचा विचार आपल्या किनाऱ्याला मात्र नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले आणि अनुताई वाघ यांनी ते काम आयुष्यभर सांभाळले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. महागड्या साहित्याऐवजी आसपास मिळणाऱ्या बिया, पाने, खडे वापरले. मूल जिथे आहे तिथून शिकवायला आरंभ करायचा, हेच या शिक्षणविचाराचे सार आहे.

खाडीवरच्या फेऱ्यांना अभ्यास म्हणावे का, हे तिथे काय घडते त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या दर्यावर्दी मंडळींत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते कळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला आठाची सहा. तिसरी-चौथीच्या मुलांना पाऊणपट पुस्तकातून शिकवता येतेच. परंतु खुणा केलेली काठी धक्क्यापाशी रोवून, पाणी सर्वांत वर आल्याची वेळ रोज वहीत टिपून, मग आडाख्याचे उत्तर आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती अंतर पडते ते मुलांनी स्वतः मोजले, तर अपूर्णांक, घड्याळ, चंद्राच्या कला आणि तक्ता भरणे या गोष्टी एकाच कामात येतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि आडाखा ४५ मिनिटे धरतो, शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी निराळी असते. म्हणून उत्तर तंतोतंत जुळत नाही. ते का जुळत नाही, हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबणारे शिक्षक त्या शाळेत असतील, तर आपली मुलगी उत्तम हाती आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. मुलांना किनाऱ्यावर सोडून शिक्षक सावलीत बसत असतील, तर मात्र आजोबांचे म्हणणे खरे मानावे लागेल. अशा शिक्षणात शिक्षकाला नेहमीपेक्षा अधिक तयारी करावी लागते, ही गोष्ट शाळा चालवणारेही कधी कधी विसरतात.

म्हणून शाळेत जाऊन आपल्या मुलीच्या नोंदी पाहायला मागा. क्रमांक नसले तरी ती काय वाचते, कोणत्या प्रकारच्या गणितात अडते आणि त्यावर शिक्षकांनी काय केले, हे लिहिलेले असायलाच हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून व शोधातून शिकणे, मुलाला भयमुक्त ठेवणे आणि त्याच्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन करणे या गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत. तेव्हा क्रमांक नकोत असे म्हणणाऱ्या शाळेला मूल्यमापनातून सुटका नाही.

एका बाबतीत मी आपल्याला सावध करीन. तिसरी संपताना मुलीला वयाजोगी गोष्ट अडखळल्याविना वाचता यावी आणि चार-सहा वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिता यावीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तिसरीपर्यंतच्या पायाभूत वाचन, लेखन व अंकज्ञानाला सर्वोच्च प्राधान्य दिले आहे. हे जमत नसेल आणि ‘ती तिच्या गतीने शिकेल’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर ते स्वीकारू नका. कोणती मदत, कोण आणि केव्हापासून करणार, हे विचारा.

हायस्कुलाबद्दल सांगायचे तर, वेळ लावून लेखी परीक्षा देणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा सराव सहावी-सातवीत करून घेता येतो. त्यासाठी आतापासून गृहपाठाचा भार नको. समजून वाचणाऱ्या आणि न घाबरता विचारणाऱ्या मुलीला तो सराव जड जाऊ नये. शाळेला शासनाची मान्यता आहे ना, एवढे मात्र याच भेटीत कागदावर पाहून घ्या, आणि जमल्यास आजोबांनाही सोबत न्या.