पश्चिम आफ्रिकेतलं शेंगदाण्याचं सूप घरी कसं करायचं? पीनट बटर घालून चालेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघितला, दिसायला आपल्या दाण्याच्या आमटीसारखंच आहे, मग कूट घालून पंधरा मिनिटांत होईल ना, पीनट बटर चालेल का आणि व्हेज जमेल का. मी शक्यतो इथे नुसतं वाचतो, लिहीत नाही. पण "आमटीसारखंच" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, कारण याच एका शब्दावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं २०१६ पासून वाजलेलं आहे.

तर आधी उत्तर. घरी होतं. पीनट बटर चालतं, पण ज्यात साखर नाही असंच. पंधरा मिनिटांत होत नाही, तासभर धरून चाला. आणि ती आमटी नाही.

मी सोलापूरचा, म्हणजे शेंगा आमच्या रक्तातच. २०११ ते २०१५ घानात टेमाला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. टेमा म्हणजे अक्राच्या पूर्वेला अर्ध्या-पाऊण तासावरचं बंदराचं शहर, बंदर १९६२ ला सुरू झालं आणि त्याच्याभोवती शहर आखून वसवलं, वस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, कम्युनिटी वन, कम्युनिटी टू असे. आमच्या गेटच्या समोर एक आंटी चॉप बार चालवायच्या. चॉप बार म्हणजे खानावळच, पत्र्याची शेड, चार बाकडी, आणि मागे कोळशाच्या शेगड्यांवर मोठी मोठी पातेली. कंपनीच्या मेसमध्ये रोज तीच डाळ आणि तोच बटाटा खाऊन वैतागलो होतो, मग रविवारी आंटींकडे जायला लागलो. रविवारीच का, तर त्या दिवशी ओमो तुओ असतो. मऊ शिजवून घोटलेल्या भाताचे मोठे गोळे, वाडग्यात मधोमध ठेवलेले आणि वरून हे सूप. त्याला तिकडे त्वी भाषेत न्कातेन्क्वान म्हणतात, न्काते म्हणजे शेंगदाणे, न्क्वान म्हणजे सूप.

पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, थोडं मिरचीने आणि थोडं वासाने. भाजलेल्या दाण्यांचा तो वास, आई उखळात शेंगाची चटणी कुटायची तेव्हा घरभर सुटायचा तो. मी आंटींना म्हणालो हे मला करता येईल, आमच्या गावात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही. त्या म्हणाल्या, मग पुढच्या शनिवारी ये आणि करून दाखव.

शनिवारी गेलो. आंटींनी कोंबडी दिली, तिकडे हार्ड चिकन म्हणतात ती, अंडी देऊन थकलेली, आपल्या गावठीसारखी चिवट आणि चवीची. कांदा, आलं, मीठ लावून ती आधी तिच्याच पाण्यात वाफवायची, हे त्यांनीच केलं. मग पाणी घालून त्यात अख्खे टोमॅटो, अख्खा कांदा आणि हिरव्या गोल मिरच्या सोडल्या, क्पाक्पो शितो म्हणतात त्यांना, बोराएवढी असते पण वास असा की आपल्या लवंगीला येणार नाही. टोमॅटो मऊ झाले की ते सगळं बाहेर काढून असांकात वाटायचं. असांका म्हणजे आतून रेघा पाडलेलं मातीचं पसरट भांडं, आणि त्यात फिरवायला मधे बारीक, दोन्हीकडे फुगीर असं लाकडी दांडकं. वाटण परत पातेल्यात. इथपर्यंत मी नुसता बघत होतो.

मग दाण्याची पेस्ट माझ्या हातात दिली. तिकडे ती बाजारात डब्यातून मिळते, दाणे भाजून गिरणीवर दळलेली, नुसते दाणे, साखर नाही, मीठ नाही, वरचं तेल नाही. मी काय केलं, आपण कूट घालतो तसा एक मोठा गोळा घेतला आणि थेट उकळत्या पातेल्यात टाकला. त्याच्या गुठळ्या झाल्या. त्या मोडत बसलो, मोडल्या, सूप छान दाट आणि पांढरट गुलाबी झालं, दोन उकळ्या आल्या आणि मी म्हटलं झालं, उतरवू.

आंटी काही बोलल्या नाहीत. पळी बुडवली, दोन थेंब स्वतःच्या तळहातावर सोडले आणि चाटले. तिकडे चव अशीच बघतात, चमचा नाही, तळहात. मग पातेलं परत शेगडीवर सरकवलं, पळी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, तेल आलं नाही अजून, ते येईपर्यंत इथून हलायचं नाही.

मी तिथे जवळजवळ तासभर उभा होतो. दाण्याचं सूप दुधासारखं उतू जातं हे मला तिथे कळलं, फेस धरतं आणि भसकन वर येतं, दोनदा निखाऱ्यावर सांडलं, चर्र झालं, धूर झाला. झाकण ठेवायचं नाही आणि तळ सतत खरवडत राहायचा, कारण दाणे खाली बसले की लागतात आणि लागलं की पूर्ण पातेलं वाया. आधी पंचवीस-तीस मिनिटं काहीच होत नाही, नुसतं खदखदतं. मग रंग बदलायला लागतो, गुलाबीचा विटकरी होतो. मग पातेल्याच्या कडेला एक नारिंगी ठिपका दिसतो, मग दुसरा, मग नाण्याएवढे होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून सगळीकडे लालसर तवंग येतो. तेलाचा एक थेंब आपण घातलेला नसतो, सगळं दाण्याच्या पोटातलं. तेव्हा आंटींनी परत तळहात पुढे केला, चाटलं आणि हसल्या. मग मला दोन थेंब दिले, उजव्या हातावर, डावा हात तिकडे पुढे करायचा नसतो. त्या चवीत आणि तासाभरापूर्वीच्या चवीत काहीही नातं नव्हतं. आधीचं कच्चट, घशाला चिकटणारं, नंतरचं खोल, भाजकं, टोमॅटोची आंबटाई मागून येणारी.

आता भावाचं सांगतो. २०१६ च्या दिवाळीत सोलापूरला घरी सगळे जमले होते, मी म्हटलं मी करतो. सकाळी दाणे भाजले, मिक्सरवर पेस्ट केली, कोंबडी आणली, आंटींनी दाखवलं तसं सगळं केलं. दाणे पडून वीस मिनिटं झाली असतील, दारात कुणी आलं म्हणून मी खाली गेलो. वर आलो तर गॅस बंद, आणि दादाने त्यात गूळ आणि आमसूल टाकलेलं. म्हणाला, "अरे चवच नव्हती त्याला, आता लागतंय बघ आमटीसारखं. शेंगाचं आम्हाला शिकवतो का तू?" सगळ्यांनी आवडीने खाल्लं. आणि तेच मला जास्त लागलं, कारण त्या दिवसापासून घरात ठरून गेलं की तो आफ्रिकेत चार वर्षं राहून कोंबडी घातलेली आमटी शिकून आला. आजही कुणी पाहुणे आले की वहिनी हेच सांगतात.

चव नव्हती कारण ते झालं नव्हतं! वीस मिनिटांत कुणाचंच होत नाही. आणि आमटीत आपण जे करतो ते बरोबर आहे, भगरीबरोबर मला पण तीच लागते, जिरं, हिरवी मिरची, कूट, आमसूल, गूळ, दोन उकळ्या. तिथे दाणे दाटपणाला असतात, चव आमसूल-गुळाची. इथे दाणेच चव आहेत म्हणून ते इतके शिजवायचे की तेल सोडतील. आपण रस्सा करताना वाटण तेल सुटेपर्यंत परततो, मग हे दादाला का कळू नये हा माझा प्रश्न आहे.

दादाचं दुसरं म्हणणं असतं की शेंगा आपल्या, त्यांनी त्यात काय नवीन केलं. दादा, शेंगा आपल्या पण नाहीत आणि त्यांच्या पण नाहीत. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पश्चिम आफ्रिकेत तो सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गेला. पण त्यांच्याकडे जमिनीत शेंग धरणारं स्वतःचं एक कडधान्य आधीपासून होतं, बांबारा, आजही पिकतं. त्यामुळे मला वाटतं नवा दाणा हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे त्या बायकांना शिकवायला कुणी लागलं नसणार. सेनेगलमध्ये त्याचा माफे झाला, गॅम्बियात डोमोडा, नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोकांचा मियान ग्याडा. सगळीकडे वेगळं, कुठे दाट, कुठे पातळ. घानाचं त्यातल्या त्यात पातळ, गोळा बुडवून खायचं असतं म्हणून.

तुमच्यासाठी माप: पाच माणसांना एक किलो कोंबडी, पाव किलो पेस्ट, चार-पाच लाल टोमॅटो, दोन कांदे, बोटभर आलं, जमलं तर दोन चमचे टोमॅटो प्युरी आणि दीड-दोन लिटर पाणी. मिरची तुमची तुम्ही. पेस्ट घरी करायची तर दाणे मंद आचेवर भाजा, सालं काढा, गार करा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, आधी कूट होईल, तिथे थांबू नका, मग गोळा होईल, मग अचानक सैल पडून तेल सुटेल, तिथे थांबा. आणि माझ्यासारखी थेट टाकू नका, वाडग्यात गरम रस्सा घेऊन त्यात ताकासारखी घुसळून मग गाळून घाला. बाजारचं पीनट बटर घेतलंत तर डब्यामागचं वाचा, साखर असेल तर ठेवून द्या, ते पोळीला लावा. गोड सूप म्हणजे परत दादाचंच झालं.

व्हेजचं विचारलंत. होतं, पण हाडाचा अर्क नसतो आणि तिकडे बरेचदा धुरावलेला सुका मासा पण पडतो, ती खोली कुठूनतरी आणावी लागते. मी बहिणीसाठी करतो तेव्हा मशरूम आधी कोरडे खरपूस भाजतो आणि छोटी वांगी अख्खी सोडतो. वांगी तिकडे पण घालतात, छोटी पांढरी-पिवळी असतात, शिजली की काढून वाटून परत घालायची, दाटपणा येतो. अंडं चालत असेल तर उकडून अख्खं सोडा, ते पण तिकडचंच.

खायचं कशाबरोबर, तर तिकडे फुफू म्हणजे कुटून केलेला मऊ गोळा पण असतो, पण त्याला कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) आणि हिरवी मोठी केळी कुटायला लागतात, ते इथे सोडून द्या. भाताचे गोळे करा. बासमती अजिबात नको, इंद्रायणी घ्या, पाणी जास्त घालून गिचका शिजवा, लाकडी चमच्याने घोटा, वाडगं ओलं करून त्यात फिरवून गोळा पाडा. चमच्याने खाऊ नका, हाताने तोडून, बुडवून.

हे आधीच लिहायला हवं होतं, कुणाला खायला घालणार असाल तर दाण्याची अ‍ॅलर्जी आहे का विचारून घ्या, या रंगात दाणे आहेत हे बघून कळत नाही. आणि कच्चं राहिलं तर पोट बिघडतं असं तिकडे सगळे सांगतात, तेल येईपर्यंत थांबायचं ते त्यासाठी पण. मीठ शेवटी घाला, आटतं म्हणून. कुकरमध्ये कोंबडी शिजवा हवं तर, पण पेस्ट घातल्यावर कुकर नको, शिटीतून फेस येतो.

आंटींच्या चॉप बारमध्ये जेवताना समोरून कुणीही गेलं, अगदी अनोळखी, तरी जेवणारा मान वर करून म्हणतो, यू आर इन्व्हायटेड. आपण या जेवायला म्हणतो तसंच. दादा इथे अधूनमधून वाचतो हे मला माहीत आहे. दादा, या रविवारी पुण्याला ये, वहिनींना घेऊन ये, आणि साडेअकराच्या आत ये म्हणजे तेल येताना दिसेल.