बोटीवर पाहुणे म्हणून जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एका मित्राच्या शिडाच्या बोटीवर आम्ही दोघं दोन रात्री राहणार आहोत. सामान किती न्यावं? बूट काढावे लागतात म्हणे, ते खरं का?

माणशी एक मऊ, घडी होणारी कापडी बॅग. चाकांची सुटकेस नकोच. बोटीतले कप्पे तिरपे आणि अरुंद असतात, भरलेली बॅग मावत नाही आणि रिकामी केली तरी ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतोच.

बुटांचं खरं आहे. तळव्याच्या खाचेत अडकलेला एखादा खडा सागवानी डेकवर ओरखडे काढतो आणि काळा रबरी तळवा पांढऱ्या पृष्ठभागावर पट्टे उमटवतो. म्हणून चढण्याआधीच विचारा. डाग न पाडणाऱ्या, न घसरणाऱ्या तळव्याचा एक जोड फक्त बोटीसाठी राखून नेलात तर उत्तम, कारण डेकवर दोर बांधायच्या धातूच्या खुंट्या नेमक्या पायाच्या बोटांच्या उंचीवर असतात. सनस्क्रीन धक्क्यावरच चोळून घ्या. स्प्रेचं तर आणूच नका, त्याचा तेलकट थर डेकवर पडतो आणि पुढचा माणूस त्यावरून घसरतो.

चढताना कठड्याचे उभे दांडे धरून स्वतःला वर ओढू नका. दांडा वरच्या टोकाला ओढला की तरफेसारखा जोर त्याच्या बुडाशी येतो, तिथलं सील सुटतं आणि पुढच्या पावसात खालच्या बिछान्यावर पाणी ठिबकतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड तारा असतात, त्यातली एक धरा.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतो, पण बोटीवरचं टॉयलेट वापरायचं कसं?

संकोच न करता मालकाकडूनच एकदा समजून घ्या. प्रत्येक बोटीवरची रचना थोडी वेगळी असते. न विचारता वापरलं आणि तुंबलं, तर ते मालकाला हातांनी उघडावं लागतं.

छोट्या बोटींवर बहुधा हातपंपाचं टॉयलेट असतं. पंपाशेजारी एक खटका असतो. तो एका बाजूला केला की समुद्राचं पाणी भांड्यात येतं, दुसऱ्या बाजूला केला की नुसतं बाहेर फेकलं जातं. बसण्याआधी दोन-चार वेळा पंप मारून भांडं ओलं करा. नंतर पाणी चालू ठेवून पंधरा-वीस वेळा मारा. भांडं स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका, मैला अजून नळीतच असतो. मग खटका कोरड्या बाजूला करून भांडं रिकामं होईपर्यंत मारा आणि खटका तिथेच ठेवा. हे विसरणं सगळ्यात धोक्याचं. भांडं पुष्कळदा समुद्राच्या पातळीच्या खाली असतं, त्यामुळे पाणी हळूहळू आत झिरपत राहू शकतं.

नळी साधारण दीड इंचाची आणि तिच्या तोंडाशी चिरेची रबरी झडप. ओले वाइप्स, केस, कापूस, दातांत घालायचा दोरा यांतलं काहीही त्या चिरेत अडकतं. कागदही झाकणाच्या डब्यात टाकायचा की भांड्यात, हे विचारून घ्या. पंप एकाएकी जड लागला तर जोर लावू नका. थांबा आणि लगेच सांगा. पुरुषांनीही बसूनच उरकावं, हलत्या बोटीवर नेम लागत नाही.

प्रश्न: बोट धक्क्याला लागत असताना पाहुण्यांनी मदत करावी की बाजूला बसावं?

सांगितलं असेल तर मदत, नाहीतर सुकाणूवाल्याला समोरचं दिसेल असं खाली बसणं. त्या पाच मिनिटांत गप्पाही बंद, त्याला इंजिनाचा आवाज आणि दोरवाल्याची हाक ऐकू यायला हवी.

दहा मीटरची शिडाची बोट सहज पाच टन भरते. ती अगदी सावकाश सरकत असली तरी हाताने किंवा पायाने थोपवता येत नाही. धक्का बसायचाच असेल तर तो फेंडरला, म्हणजे बोटीच्या कडेला टांगलेल्या हवा भरलेल्या उशीला बसू दे, बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालू नका. उडीही मारू नका. बोट पाऊल टाकण्याइतकी जवळ येईपर्यंत थांबा, आली नाही तर कप्तान पुन्हा फेरी मारेल.

दोर हातात दिला तर तो कठड्याच्या तारांच्या बाहेरून जातोय ना, हे आधी पाहा. तारेवरून गेला की ताण आल्यावर दांडे वाकतात. उतरल्यावर दोराचा एक वेढा खुंटीला घ्या आणि हुकमाची वाट पाहा. नवखा माणूस हौसेनं पुढचा दोर खेचून आवळतो, मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, धक्क्यावर आदळते आणि मागची बाजू दूर जाते. चूक दोराची नसते, घाईची असते.

प्रश्न: मला बस लागते. बोटही लागेल का?

शक्यता आहे. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. वर मोकळ्या हवेत बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. सुकाणू हाती मिळालं तर घ्या, पुष्कळांना त्यानेच बरं वाटतं. मळमळ लपवू नका. ओकारी आलीच तर बादली मागा, कठड्यावरून वाकण्यात पडायचा धोका असतो. आणि आत टॉयलेटकडे धावू नका, तिथे मळमळ दुप्पट होते.

प्रश्न: आंघोळ, चार्जिंग वगैरे?

टाकीत दोनशे लिटर पाणी असेल तर ते सगळ्यांचं, सगळ्या दिवसांचं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग खळखळून घ्या. मोबाइल विचारून चार्ज करा. हेअर ड्रायर मात्र घरीच ठेवा. पंधराशे वॉटचा ड्रायर बारा व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर खेचतो. रात्री नांगर टाकल्यावर लावायचा दिवा त्याच बॅटरीवर जळायचा असतो.