टर्बोचे ५८,००० की नवी गाडी? आधी दीड-दोन हजार तपासणीवर घाला

नागपूरच्या धंतोलीतून एका वाचकाने विचारलंय: "२०१८ची डिझेल हॅचबॅक, ९२,००० किलोमीटर झाले. रोज बुटीबोरीला जाणं-येणं. दोन महिन्यांपासून वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी पिकअपच देत नाही. इंजिनचा दिवा लागतो, आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर जात नाही. बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ बरी चालते. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला. 'टर्बो गेला, ५८,००० लागतील' म्हणाला. साळा म्हणतो, एक्स्चेंजमध्ये २,२५,००० मिळतात, नवी घ्या. ऑन-रोड ८,२५,०००, म्हणजे सहा लाखांचं कर्ज. अडीअडचणीसाठी १,३५,००० बाजूला आहेत, घरखर्च महिन्याला ४५,०००. मुलगी बारावीत आहे, जूनमध्ये तिचा प्रवेश. काय करू?"

तुमच्यापुढे दोन आकडे ठेवलेत आणि तुम्ही त्यांच्यात निवड करताय. पण दोन्ही आकडे "टर्बो गेला" या एकाच वाक्यावर उभे आहेत, आणि ते वाक्य अजून कोणी तपासलेलं नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. पी०२९९ म्हणजे त्याचा दाब हवा तेवढा तयार होत नाहीये. का होत नाही, ते हा कोड सांगत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर दाब कमी दिसला की इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम रोखून धरतो. त्याला लिम्प मोड म्हणतात. बंद-चालू केल्यावर तुमची गाडी सावरते ती यामुळेच. खरोखर गेलेला टर्बो असा सहसा सावरत नाही. तो निळा धूर काढतो, ऑइल पितो, शिट्टीसारखा आवाज करतो. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

मग दाब जातो कुठे? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ही हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत रबरी पाइप असतात. त्यांना चीर गेली किंवा क्लिप सैल झाली की हवा बाहेर निघून जाते. टर्बोचा ॲक्च्युएटर, म्हणजे त्याचा दाब कमी-जास्त करणारा भाग, चालवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. सात-आठ वर्षांचं रबर तिथे कडक होणारच. त्याशिवाय काजळीनं अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), चुकीचं माप देणारा हवेचा सेन्सर, चोंदलेला एअर फिल्टर हेही आहेत. डिझेल फिल्टरनंही गाडी दम सोडते, त्याचा कोड बहुधा वेगळा येतो. पण तो शेवटचा कधी बदलला, हे बिलं काढून बघाच.

म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे जा, डिझेलचं काम करणाऱ्या. त्याला सांगा, कोड वाचू नका, गाडी चालवताना दाबाचे आकडे पाहा: कॉम्प्युटर किती मागतोय आणि मिळतंय किती. पाइपांची धुराची चाचणी करून घ्या, गळती असेल तिथून धूर निघतो. पाइपच्या जोडावर ऑइलचा ओला डाग असेल तर तोही मोठा पुरावा. टर्बोच्या पंख्याची दांडी हातानं हलवून सैल लागते का ते बघायला लावा. या सगळ्यासाठी दीड-दोन हजार द्यावे लागले तरी द्या. गाडी विकायचं ठरलं तरी हे पैसे वाया जात नाहीत: दिवा लागलेली गाडी पाहून घेणारा टर्बोचे पैसे कापूनच भाव देईल. तुम्हाला सांगितलेले २,२५,००० गाडी न बघता सांगितलेले असतील, तर ते अजून तुमचे नाहीत. दिवा पुसून, दोष लपवून विकण्याचा विचार मात्र मनातही आणू नका.

आता कर्ज. सहा लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये. नुसतं व्याजच १,५६,००० होतं, म्हणजे अडीच टर्बोंहून जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी होऊन १८ टक्के झाला, हे साळ्याचं म्हणणं असेल तर खरं आहे. पण हा हप्ता नेमका मुलीच्या प्रवेशाच्या वेळी सुरू होईल, आणि मला काळजी त्याचीच वाटते. दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीचीही धास्ती नको, ती नागपूरला लागू नाही. तुमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, २०३३ पर्यंत.

समजा, तपासणीत टर्बोच गेलेला निघाला. तरी मी दुरुस्तीच सांगेन, पण आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती जोरात दाबतंय ते, तपासा. इंजिनच थकलं असेल तर त्यात पैसे घालू नका, दोष सांगून विका. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर पूर्ण टर्बोऐवजी फक्त आतला कोअर (फिरणारा मधला भाग) बदलून चालेल का ते विचारा. ऑइलची नळी साफ करून घेतल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नका. जुना ऑइलअभावी गेला असेल तर नवाही जाईल. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. विम्याकडून आशा ठेवू नका, झीज त्यात येत नाही.

५८,००० तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला सुमारे १,६०० पडतात. ते एकदम काढलेत तर तुमच्याकडे ७७,००० उरतील, दोन महिन्यांच्या खर्चालाही कमी. म्हणून पुढचे दहा महिने ५,८०० रुपयांची आवर्ती ठेव लावा आणि ती रक्कम भरून काढा. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशाला यात हात लावायचा नाही.

तपासणी होईपर्यंत एसी बंद ठेवा, पुलावर गाडी रेटू नका. दाबाचे आकडे आणि मिस्त्रीचं म्हणणं मला लिहून पाठवा, पुढचा हिशोब आपण त्यावर करू.