‘डी टोटन आउगन फॉन लंडन’ हा जर्मन चित्रपट खरंच लंडनमध्ये चित्रित झाला होता का?

नाही, गोष्ट लंडनची असली तरी १९६१च्या या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण हॅम्बर्गमध्ये झालं. मूळ कादंबरी इंग्रज लेखक एडगर वॉलेस यांची, १९२४ची. त्यांच्या रहस्यकथांवर तेव्हा पश्चिम जर्मनीत चित्रपटांची रांगच लागली होती. धुक्याच्या रात्री थेम्समध्ये विमा उतरवलेल्या श्रीमंतांची प्रेतं सापडतात, आणि धुकं एवढं दाट असल्यावर शहर कुठलं ते कोण बघतंय! दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर यांनी एका दृश्यात तर कॅमेरा माणसाच्या तोंडात, थेट दातांच्या आड ठेवलाय. फक्त तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात भयपटांचा नट बेला लुगोसी असेल, तर तो हा नव्हे. तो याच कादंबरीवरचा १९३९चा ब्रिटिश चित्रपट.