जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्यांदा जाताना

पहिल्या फेरीत काही घेऊ नका. आधी सगळी गल्ली पायाखालून घाला, कारण तीच वस्तू चार पथाऱ्या सोडून निम्म्या भावात दिसू शकते. सजवलेल्या दुकानांत भावाचा अंदाज येतो, खरी मजा मात्र आतल्या बोळांत.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवाच. पितळ, तांबं, चांदी चुंबकाला चिकटत नाही. 'अस्सल पितळी' दिवा चिकटला, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा.

कॅमेऱ्याची लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा. आत जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर साफ करूनही डाग राहतो. नवख्याने अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी.

ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या. हातातून सुटली की फुटलीच! त्यांची खोबण रुंद असते, म्हणून एलपीची (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची) सुई त्यांना चालत नाही.

घासाघीस जरूर करा, पण मालाला नावं ठेवून नको. दोन-तीन वस्तू बाजूला काढा आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा.